मेल्या लाकडाचे कान

सुरुवात माफीनंच करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी काही लिहिलं असेल तर ते मेंढरांच्या पाठीवर, गेरूनं. आपली कोणती आणि भावकीची कोणती एवढं कळण्यापुरतं. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. म्हणून मला लिहिता येतं असं मात्र नाही. बारहाते सरांवर खरं तर त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांनी लिहायला हवं. त्यातले दोघे आता स्वतः प्राध्यापक आहेत. मी वनस्पतीशास्त्रात कसाबसा सेकंड क्लास मिळवलेला. पण सरांना एक निरोप द्यायचं काम माझ्याकडं होतं, त्या दोघांकडं नव्हतं. त्या कामाचं काय झालं ते शेवटी येईलच. तोवर चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

सर जालन्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. उंची बेताची, अंगात दोन खिशांचा टेरिकॉटचा शर्ट. एका खिशात भिंग, दुसऱ्यात काड्यापेट्या. ते विडी-सिगारेट ओढत नसत. काड्यापेट्यांत बुरशी असे. एकदा मस्तगडच्या चौकात एका माणसानं "साहेब, जरा माचिस द्या" म्हटलं आणि सरांनी बोलण्याच्या नादात एक पेटी त्याच्या हातात ठेवली. त्यानं उघडली. आत पिवळाधमक, लिबलिबीत, मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा एक गोळा. त्या माणसानं पेटीही टाकली आणि तोंडातली विडीही. सर वाकून गोळा उचलत म्हणाले, "घाबरू नका, चावत नाही. सुकला की एवढासा डाग होतो, पाणी मिळालं की परत फुगतो. आणि गंमत सांगू का, हा लाकडावर बसतो, पण लाकूड खात नाही. लाकूड खाणारी दुसरी बुरशी असते, तिला खातो. घरजावई आहे."

तो माणूस केव्हाच निघून गेला होता. सरांनी राहिलेलं मला सांगितलं. मी त्यांची पिशवी धरून उभा होतो.

लिबलिबीत बुरश्या हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथं नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तिथं माणसानं निवडून निवडून ओलाव्यावर जगणारी गोष्ट निवडावी, याचं सगळ्यांना नवल वाटे. प्राचार्य त्यांना म्हणत, "बारहाते, तुम्ही कोकणात जन्माला यायला पाहिजे होतं." सर म्हणत, "तिथं काय, कुणालाही सापडती. इथं सापडली तर शोध."

त्या बुरश्यांची लॅटिन नावं सरांना तोंडपाठ होती, पण ती ते आम्हाला एकदाच सांगत. "पेपरात लिहायला ठेवा. आता असं नाव सांगा जे आईला सांगता येईल," असं म्हणून ते वर्गाकडून नावं मागत. तशीच आमची नावं पडली. गंजलेल्या रंगाची, चमच्यासारखी चपटी, कुजक्या लाकडाच्या भेगांतून रांगेनं बाहेर येणारी ती केशरी जिभल्या. कलकत्त्याच्या मित्रानं सरांना पाठवलेली, पांढरी, झालरीझालरीची ती बर्फफूल. आणि सरांची सगळ्यात लाडकी, तपकिरी-काळी, बाहेरून मखमलीसारखी लव, आतून गुळगुळीत, तंतोतंत कानासारखी दिसणारी ती लाकडाचा कान. वाळली की चामड्याच्या तुकड्यासारखी कडक. कॅन्टीनमध्ये सर पाण्याच्या ग्लासात तसा एक तुकडा टाकून गप्पा मारत बसत. अर्ध्या तासात ग्लासात कान. कॅन्टीनवाल्यानं शेवटी सरांचा ग्लास वेगळा करून त्यावर लाल रंगानं फुली मारली.

घरी अंगणात त्यांनी आंब्याचं एक मेलेलं खोड आणून टाकलं होतं, त्यावर कान उगवावेत म्हणून. त्याला ते रोज दोन तांबे पाणी घालत. उन्हाळ्यात गल्लीत टँकरची रांग लागलेली असताना शेजारच्या एका बाईंनी ते पाहिलं.

"ओ सर! इथं लेकराला प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही मेल्या लाकडाला पाजून राह्यले?"

"वहिनी," सर शांतपणे म्हणाले, "मेलेल्याला पाणी द्यायची रीत आपलीच आहे की."

बाई घागर उचलून रांगेत परत गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून सर स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातले दोन तांबे राखून खोडाला घालू लागले. बारहाते काकू म्हणत, "आंघोळ अर्धी, खोड ओलं."

काकूंचं आणि बुरशीचं फारसं पटत नसे. बर्फफुलाची खीर त्यांनी एकदा केली. चव घेऊन म्हणाल्या, "बरी आहे. पण साबुदाण्यानं काय वाईट केलं होतं?" कान मात्र त्यांनी पहिल्यांदा तेलात टाकले तेव्हा कानांच्या पोटातलं पाणी तापून ते लाह्यांसारखे उडाले आणि एक काकूंच्या कपाळावर बसला. तेव्हापासून सर कान शिजवत आणि काकू झाकण घेऊन दारात उभ्या राहत. पण श्रावण सरला की सरांना ती भाजी लागायचीच. आठ दिवस रोज. भाकरी आणि कान. खाताना ते डोळे मिटून घेत, आणि दाताखाली कुरकुर आवाज आला की बोट वर करत, जसं काही गाण्यात सम आली.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा भादव्यात सर आम्हा पाच जणांना सहलीला घेऊन निघाले. कुंभार पिंपळगावच्या पुढं आमची वाडी आहे. मुक्काम आमच्याच घरी ठरला. मला त्या आठवड्यात झोप आली नाही. प्राध्यापक माणसाला बसायला काय द्यायचं, इथपासून काळजी.

पिंपळगावला बस थांबली तेव्हा तिथं बाजार भरलेला. सर पाणी प्यायला उतरले आणि दिसेनासे झाले. बघतो तर बाजाराच्या कडेला एक मोडकी बैलगाडी पडली होती, तिच्या जुवाखाली सर पालथे पडून, नाक लाकडाला लावून. जुवाच्या भेगेत केशरी जिभल्या उगवल्या होत्या. पण हे आम्हाला कळायच्या आत एका कांदेवालीनं पाहिलं.

"अगं बया, मास्तरला फेपरं आलं!"

झालं. चार गडी धावले. दोघांनी पाय धरले, एकानं कांदा फोडून नाकाशी लावला, एका म्हाताऱ्यानं पायातली चप्पल काढली आणि तीही नाकाशी आणली. सर ओरडले, "अहो सोडा! जिभा तुटतील!"

"जीभ! जीभ सांभाळा त्याची, चावल तो! चमचा आणा!"

चहावाल्याचा चमचा सरांच्या तोंडात जाईपर्यंत आम्ही पोचलो आणि सोडवलं. सरांनी कपडे झटकले, डोळे पुसले. भेगेत जिभल्या शाबूत आहेत ना ते आधी पाहिलं. मग कांदेवालीला म्हणाले, "बाई, कांदा मात्र तेज आहे. दोन किलो द्या."

तेच कांदे घेऊन आम्ही घरी आलो.

आमच्या विहिरीजवळ आंब्याचं एक झाड दोन वर्षांपूर्वी पडलेलं होतं. त्या साली पाऊस बरा झाला होता. सर तिथं गेले आणि नुसते उभे राहिले. अख्ख्या खोडावर कान. शेकड्यांनी. जणू झाड ऐकत पडलं होतं.

आई म्हणाली, "हे व्हय? हे तर आम्ही येता-जाता तुडवून राह्यलो."

सरांनी एकेक कान उलटून पाहिला, वास घेतला, तीन-चार वेगळ्या बुरश्या बाजूला काढून फेकल्या. "नीट ओळख पटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही," ते आम्हाला म्हणाले. मग चुलीपाशी बसून त्यांनी आईला सांगितलं: बुडखा कापायचा, उकळत्या पाण्यातून काढायचे, बारीक चिरायचे, निथळल्याशिवाय तेलात टाकायचे नाहीत. "वहिनी, याला स्वतःची चव नाही. तुमचा मसाला हीच याची चव." आईनं लसूण घातला, कांदा घातला, येसराचा मसाला घातला. घरभर असा वास सुटला की मला माझ्या घराचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

आबा, म्हणजे माझे वडील, रानातून आले तेव्हा आम्ही पंगतीला बसलो होतो. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आबांनी बारा वर्षांपूर्वी, माझी आजी गेली तेव्हा, तिला शब्द दिला म्हणून माळ घातली आणि मटण सोडलं. तेव्हापासून मारुतीच्या देवळातल्या भजनात पखवाज आबांचा. त्या माळेवर त्यांचा जीव किती, हे सांगायचं तर ते आंघोळीला बसले तरी आधी माळेला हात लावत आणि मगच पाणी घेत.

आबांनी दोन घास खाल्ले. "ब्येस झालंय," म्हणाले. तिसरा घास चावला आणि थांबले. पुन्हा हळू चावला. कुरकुर.

सरांनी आनंदानं बोट वर केलं.

"ह्ये काय हाय?" आबांनी विचारलं.

"लाकडावरची बुरशी आहे आबा. तुमच्याच आंब्यावरची."

"मास्तर, माळ घालायच्या आधी मी तीस वर्सं बकऱ्याचे कान खाल्लेत. दाताला म्हाईत हाय."

आई म्हणाली, "अवं, म्या सवता तोडून आणलंय खोडावरून!"

"तोडलं असशील. पण दात खोटं बोलत न्हाई."

आबा उठले. हात धुतले, चूळ भरली. गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली. सरांचं बोट अजून वरच होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं.

सकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. भजनाचे म्होरके किसनबुवा. बुवा समंजस माणूस. त्यांना ते मिटवायचंच होतं. पखवाजाशिवाय भजन कोणाला हवं होतं?

"सर," बुवा म्हणाले, "तुम्ही शिकले-सवरलेले. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू. एवढंच सांगा, ह्ये झाडपाल्यात येतं ना?"

एक शब्द पुरला असता. मी मनात म्हणत होतो, सर, हो म्हणा.

"नाही," सर म्हणाले.

"न्हाई?"

"बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे. तिच्यात हिरवा रंग नाही, ती आपलं अन्न आपण तयार करत नाही."

"पण तुम्ही तर झाडांचेच मास्तर!"

"आमच्या पुस्तकात ती आहे. पण मी काल तुमच्या वाडीत जेवलो म्हणून तुमचा भाऊबंद झालो का?"

बुवांनी घाम पुसला. "बरं, असू द्या. झाड न्हाई तर न्हाई. जनावर तर न्हाई ना? बास झालं."

"जनावरही नाही."

"मिटलं!" बुवा जवळजवळ ओरडलेच. "आबा, घाल माळ!"

"पण," सर म्हणाले.

त्या "पण"साठी मी सरांना पुढं खूप वर्षं मनातल्या मनात बोललो आहे. सरांनी कपाळावरचा घाम टिपला, आबांकडं पाहिलं, आणि म्हणाले, "तुम्ही मला विश्वासानं विचारलंत. मग अर्धं सांगून चालणार नाही. याच्या अंगात जो पदार्थ असतो तो झाडात नसतो. खेकड्याच्या कवचात असतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या. बकरं ऱ्हायलं, आता खेकडा निघाला."

आबा उठून गेले. जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खरं बोलले. बरं केलं." पण माळ खुंटीलाच राहिली.

परतीच्या बसमध्ये सर एकच वाक्य बोलले. "माझ्यामुळं एका माणसाचा शब्द मोडला." आणि जालन्याला पोचताच त्यांनी पत्रं लिहायला घेतली. लिबलिबीत बुरशी शाकाहारात धरावी की मांसाहारात? विद्यापीठाला लिहिलं, पुण्याच्या एका शास्त्रज्ञांना लिहिलं, एका मोठ्या कीर्तनकार महाराजांना लिहिलं. गल्लीतल्या जैन व्यापाऱ्याला तोंडी विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "सर, आमच्यात कांदा चालत नाही, तुम्ही कानाचं विचारून राह्यले."

इकडं वाडीत आबा भजनाला जाईनात. देवळाबाहेरच्या दगडावर बसत आणि आत टाळ सुरू झाले की त्यांची बोटं मांडीवर वाजत. आत पखवाजावर बुवांचा पुतण्या बसायचा. त्याचा ठेका चुकला की आबा बाहेर डोळे मिटून घेत. त्यांना बरेचदा डोळे मिटावे लागत.

दिवाळीला मी घरी गेलो. आईनं त्या दिवशीचे उरलेले कान वाळवून डब्यात ठेवले होते. पाडव्याच्या सकाळी आबा म्हणाले, "ते भिजव गं थोडे." कान फुगल्यावर आबांनी ते थाळीत घेतले, किसनबुवांना बोलावलं आणि थाळी आमच्या शेळीपुढं ठेवली. शेळीनं हुंगलं. एक कान उचलला. मग थाळी रिकामी करून आबांच्या धोतराचा सोगा ओढू लागली.

"बुवा, शेळीनं जन्मात कधी मटण खाल्लं?"

"शेळीचं काय सांगतो? ती निवडणुकीचं पोस्टर बी खाती."

"पोस्टर मटण हाय का?"

"न्हाई."

"खेकडा टाकून बघू का तिच्यापुढं?"

बुवांनी विचार केला. "न्हाई खायची," ते म्हणाले.

"मंग?"

बुवा उठले, आत गेले, खुंटीवरची माळ आणली आणि स्वतःच्या हातानं आबांच्या गळ्यात घातली. त्या दिवशीच्या भजनाला आबांनी पखवाज असा वाजवला की कातड्यावरची काळी शाई उडते की काय असं वाटलं. मी निघताना आबा म्हणाले, "सरांला सांग, माळ घातली म्हणावं. जिवाला लावून घेऊ नका म्हणावं."

मी सांगणारच होतो. जालन्याला आलो, तडक सरांच्या घरी गेलो. टेबलावर पत्रांचा ढीग होता. विद्यापीठानं "विषय विचारार्थ ठेवला आहे" असं कळवलं होतं. महाराजांनी "ज्याच्या मनात शंका, त्याला वर्ज्य" असं लिहिलं होतं. सर इंग्रजीत एक लांब पत्र परदेशी पाठवायला लिहीत होते आणि त्याचा चौथा कच्चा खर्डा मला वाचून दाखवत होते. त्या माणसाला मी कसं सांगू की निकाल लागला, आणि तो शेळीनं दिला? मला वाटलं, त्यांना लागेल. परदेशी पत्राचं उत्तर आलं की मग सांगू. सरांनी विचारलं, "आबा कसे आहेत?" मी म्हणालो, "बरे आहेत सर."

मग परीक्षा आली. मग मी नोकरीला नांदेडकडं गेलो.

त्यानंतर सर मला दोनदाच भेटले. दुसऱ्यांदा, म्हणजे शेवटचे, जालन्याच्या बसस्टँडवर. निवृत्त झाले होते, शर्ट तोच वाटत होता. श्रावण नुकताच संपला होता, म्हणून मी हसून विचारलं, "सर, कानाची भाजी सुरू झाली असेल?" ते हसले नाहीत. म्हणाले, "आबा कसे आहेत?"

"बरे आहेत सर."

"नाही, म्हणजे... बाकी?" त्यांचा हात शर्टाच्या वरच्या गुंडीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

"बाकी सगळं ठीक."

मग माझी बस लागली. मी खिडकीतून पाहिलं तर स्टँडच्या कडेला एक लाकडी बाकडं मोडून पडलं होतं, त्याच्यावर वाकून सर भिंग लावत होते.

दोन वर्षांनी आबांचा फोन आला. वाडीत तेव्हा सरपंचाकडं फोन होता आणि आबा फोनवर ओरडून बोलत. "तुझे सर गेले रे. बारा दिस झाले. आपल्या वाडीचं पोरगं हाय ना त्यांच्या कालेजात, त्याच्याकडून कळलं. मी दहाव्याला जाऊन आलो." मी काही बोलायच्या आत ते पुढं म्हणाले, "माझं नाव आयकूनच सरांच्या बाई रडाया लागल्या. माझ्या गळ्यातल्या माळेला हात लावून बघितलं त्यांनी. म्हणल्या, आबा, ही कधी घातली? मी म्हणलं, त्याच दिवाळीला. तर म्हणल्या, ह्यांनी तुमच्या वाडीवरून आल्यापासून कानाला हात लावला न्हाई. आंगणातलं खोड बी देऊन टाकलं. म्हणायचे, आबांच्या गळ्यात माळ येऊ दे, मंग खाईन. सा-सात वर्सं, पोरा. त्या माणसानं तोंडात घातलं न्हाई."

पलीकडं सरपंचाच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता.

"मी तुला सांगितल्तं की," आबा म्हणाले. "तू सांगितलं न्हाईस का त्यांला?"